तळटीप : कोणता हेरोद?
हेरोद – ग्रीक नव्या करारात हे एकच नाव तीन राज्यकर्त्यांना आले आहे. मत्तयच्या २ऱ्या अध्यायातला तो थोरला हेरोद. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा त्याचा मुलगा अंतिपास. मार्क त्याला ‘राजा’ म्हणतो, पण रोमने ते पद त्याला कधीच दिले नाही, म्हणून लूकचे ‘मांडलिक’च अचूक. खरा घोटाळा ‘प्रेषितांची कृत्ये’च्या १२व्या अध्यायात होतो. तिथला हेरोद म्हणजे थोरल्याचा नातू, पहिला अग्रिप्पा. इतिहासकार जोसेफस त्याला अग्रिप्पाच म्हणतो, परंतु कैसरियातील त्याच्या मृत्यूची (इ.स. ४४) हकिकत ‘कृत्ये’त आणि जोसेफसच्या ग्रंथातही असल्याने ओळख निःसंशय पटते. ‘कृत्ये’च्याच २५व्या अध्यायातला अग्रिप्पा हा याचा मुलगा.