पावाचा बाट

गेल्या ईस्टरच्या रविवारीं दुपारीं आमच्या दारीं एक ताट आलें. ताट स्टीलचें, वर विणलेला रुमाल, आणि आंत काळसर तपकिरी रंगाच्या, चौकोनी कापलेल्या बारा वड्या. पाठविणाऱ्या बाई येथें केजमध्येंच एका शाळेंत शिकवितात. त्यांचें घराणें तीन पिढ्यांचें ख्रिस्ती असून त्यांचा आमचा शेजार अकरा वर्षांचा आहे. ह्या वड्यांना त्या 'ब्राउनी' म्हणतात. प्रत्येक वडीवर हिरव्या रंगांत घोळलेल्या खोबऱ्याच्या किसाचें लहानसें घरटें केलेलें होतें व घरट्यांत वाटाण्याएवढीं तीन अंडीं ठेविलीं होतीं. अंडीं खव्याचीं, एक पांढरें, एक केशरी, एक बिटाच्या रसानें गुलाबी केलेलें. खवा हा आमच्या मुलखाचा माल. कुंथलगिरीचा पेढा ज्यानें खाल्ला आहे त्यास तो निराळा सांगावयास नको. चॉकोलेटचें मूळ मेक्सिकोंत, वडी अमेरिकेंतली, सण जेरूसलेमचा आणि वरचीं अंडीं बालाघाटाच्या म्हशींचीं, असा तो मेळ पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

परंतु कौतुकाच्या पाठोपाठ दुसरें एक ताट आठवलें, व तें आठवल्यावांचून राहिलें असतें तर बरें झालें असतें. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे असूं. अंबाजोगाईस आमच्या घराशेजारीं एक ख्रिस्ती परिचारिका राहत असत. नाताळांत त्यांनीं घरीं केलेला केक पाठविला. आमच्या आईनें तो हंसतमुखानें घेतला, विचारपूस केली, आणि दार लागल्यावर सबंध केक परसांतल्या गाईपुढें ठेविला. ताट दोनदां घासून, त्यांत थोडे तिळगूळ घालून तें परत देण्यास आम्हांस धाडण्यांत आलें. व 'फार छान झाला होता' असें सांगण्याची ताकीद मिळाली. आम्हीं तें सांगितलें. बाईंचा चेहरा उजळला. असत्य भाषणाचा आम्हांस आठवणारा तो पहिला प्रसंग. पण त्या वेळीं मनास टोचलें तें असत्य नव्हे, तर केकचा वास घेऊनही तो खावयास मिळाला नाहीं, हें.

भट्टींतल्या पदार्थाचें असें भय आमच्या लोकांस कां वाटावें, ह्याचा शोध घेऊं गेल्यास बराच मोठा इतिहास हातीं लागतो. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. 'नाताळ', 'पाद्री' व 'बटाटा' हेही त्यांचेच. वसई १५३४ मध्यें त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजीआप्पांनीं ती परत घेतली. मधल्या दोनशें वर्षांत किनाऱ्यावरच्या लोकांनीं माडीनें पीठ फुगवून पाव भाजण्याची विद्या आत्मसात केली. राज्य गेलें, पाव राहिला. पण त्याच्याबरोबर एक दहशतही राहिली. विहिरींत पावाचा तुकडा टाकला कीं ती विहीर वापरणारें सारें गांव बाटतें, अशा कथा गोव्यापासून वसईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव पायानें मळतात म्हणून त्यास पाव म्हणतात, ही व्युत्पत्ति तर आमच्या लहानपणींही प्रचलित होती. भाषाशास्त्राशीं तिचा कांहीं संबंध नसला तरी तिरस्काराच्या शास्त्रांत ती चोख बसत होती.

ह्या दहशतीला एक पद्धत होती, हें विसरतां कामा नये. जुन्या आचाराप्रमाणें पाण्यांत शिजलेलें किंवा पाण्यानें मळलेलें अन्न फार लवकर विटाळतें. तुपांत तळलेलें किंवा केवळ दुधांत झालेलें त्या मानानें सोशिक. म्हणूनच फराळाचे जिन्नस ज्या हातून चालत त्या हातून भात चालत नसे. आतां पाव पाण्यानें मळलेला, आंबविलेला, रात्रभर ठेवलेला, आणि परक्याच्या भट्टींत परक्याच्या हातीं भाजलेला. एका पदार्थांत इतके दोष एकवटलेले दुसरें उदाहरण सांपडणें कठीण! (खरी ब्राउनी लोणी, साखर, अंडीं, मैदा आणि कोको ह्यांची होते, तिच्यांत पाण्याचा थेंब नसतो. अंडें वगळलें तर एखाद्या जुन्या शास्त्रीबुवांना तिच्याविरुद्ध निर्णय देणें जड गेलें असतें.)

ह्या पावाच्या बाटाची किंमत काय असे, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईनें पाहिलें. १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरीं जाऊन राहिला होता. तो अल्पवयी असल्यामुळें न्यायालयानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. मूल घरीं आलें, पण जातींत येईना. कारण तो मिशनऱ्यांकडे राहिला होता व तेथें जेवला होता. त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनीं उचलून धरला, आणि त्यावरून मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. बाळशास्त्री हे मराठी वृत्तपत्राचे जनक, गणिताचे अध्यापक; पण त्या दिवसांत त्यांना बाजू मांडावी लागली ती एका मुलाच्या पोटांत गेलेल्या घासांची. नारायण शेषाद्रि पुढें आमच्या मराठवाड्यांत आले आणि जालन्याजवळ त्यांनीं बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. निजामी अमलाखालच्या आमच्या मुलखांत मराठी ख्रिस्ती समाज वाढीस लागला, त्यांत ह्या माणसाचा वांटा मोठा होता. त्या समाजांत पुष्कळ कुटुंबें अशीं होतीं, कीं ज्यांच्या हातचें पाणी गांवानें धर्मांतरापूर्वींही घेतलें नव्हतें. तेव्हां त्यांच्या ताटाकडे पाठ फिरविण्याचें कारण केवळ ख्रिस्त होता, असें म्हणणें हें आपल्या सोयीचें सत्य आहे.

श्रीपताचें प्रकरण निवतें न निवतें तोंच सुधारकांनीं पाव उलटा धरला. १८४९ मध्यें दादोबा पांडुरंग तर्खडकर व त्यांचे स्नेही ह्यांनीं मुंबईंत परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणें हा तिचा मुख्य हेतु. सभासद होणाऱ्यानें ख्रिस्त्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावयाचा व मुसलमानानें आणिलेलें पाणी प्यावयाचें, असा प्रवेशविधि होता. जुन्या काळीं ज्या तुकड्यानें विहीर बाटत असे, तोच तुकडा येथें दीक्षेचा प्रसाद झाला. परंतु ही सगळी क्रांति दार बंद करून चालली होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नांवें उघड होतील ह्या धास्तीनें मंडळी पांगली व सभा संपली. मराठी व्याकरणाची घडी बसविणारा पुरुष पावाचा तुकडा लपून खातो, आणि लोकांस कळेल म्हणून घाबरतो, ह्याबद्दल त्यांस हंसणें सोपें आहे. आम्हांस तें करवत नाहीं. जात जाणें म्हणजे त्या काळीं मुलीचें लग्न अडणें, मर्तिकास खांदा न मिळणें, घरच्या विहिरीवरून उठविलें जाणें. तुकड्यामागें एवढें होतें.

पुढें चाळीस वर्षांनीं हाच खेळ पुण्यास उघड्यावर झाला. ४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें शहरांतील प्रतिष्ठित मंडळीस बोलाविण्यांत आलें. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, गोखले होते. भाषण झाल्यावर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं पेल्यास नुसता हात लाविला. ह्या मेजवानीचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणेवैभव' पत्रांत छापून आणिलीं. झालें! ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशीस माणसें नेमलीं गेलीं. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ मध्यें, मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून, प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांकडूनच बोल ऐकून घेतले. ज्यांच्या नांवानें आज विद्यापीठें व रस्ते आहेत त्यांचीं दोन वर्षें एका पेल्याच्या हिशेबांत गेलीं. गोपाळरावांचा हेतु काय होता ह्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आम्हांस वाटतें, त्यांस दंभ उघडा करण्याची हौस होती व ती त्यांनीं पुरेपूर भागवून घेतली.

ह्यानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे १८९३ मध्यें, शिकागोस मोठें प्रदर्शन भरलें. त्या निमित्तानें भरलेल्या धर्मपरिषदेंत विवेकानंद बोलले, हें आपण सर्व जाणतों. ब्राउनीचा जन्मही त्याच प्रदर्शनाशीं जोडतात. तेथील पामर हाऊस ह्या हॉटेलच्या मालकीणबाई बर्था पामर ह्या प्रदर्शनाच्या महिलामंडळाच्या अध्यक्षा होत्या. स्त्रियांच्या डब्यांत मावेल, हात चिकट न करतां खातां येईल, असा केकाहून लहान गोड पदार्थ करा, असें त्यांनीं आपल्या आचाऱ्यांस सांगितलें व त्यांतून ही वडी निघाली, असें तें हॉटेल सांगतें. 'ब्राउनी' हें नांव मात्र बॉस्टनच्या फॅनी फार्मर ह्यांच्या १८९६ च्या पाकशास्त्रांत आढळतें, आणि गंमत अशी कीं त्या ब्राउनींत चॉकोलेट नव्हतें, काकवी होती! चॉकोलेट आलें तें १९०६ च्या आवृत्तींत. काकवीची ब्राउनी आमच्या ऊंसाच्या मुलखांत कोणी करून पाहावी.

ईस्टर आणि अंडें ह्यांचें नातें मात्र ह्याहून पुष्कळ जुनें. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारीं हा सण पडतो. अर्थात् आपल्या पंचांगाच्या फाल्गुन-चैत्रांत. त्यापूर्वीं चाळीस दिवसांचा उपवास. मध्ययुगीन युरोपांत ह्या उपवासांत मांसाबरोबर अंडींही वर्ज्य असत. पण कोंबड्या उपवास पाळीत नाहींत. तेव्हां सांठलेलीं अंडीं सणास रंगवून वांटण्याची रीत पडली, व कवच फोडून बाहेर येणाऱ्या पिलांत थडग्यांतून उठलेल्या प्रभूची खूण भाविकांना दिसली. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें १८७३ मध्यें तें अंडें चॉकोलेटचें केलें, दोन वर्षांनीं कॅडबरींनीं केलें. आणि हीच कॅडबरी १९४८ मध्यें मुंबईस आल्यावर चॉकोलेट आमच्या मध्यमवर्गाच्या परिचयाचें झालें.

मराठवाड्यांतील लहान गांवांत भट्टीचा बाट पुसला तो ग्रंथांनीं किंवा परिषदांनीं नव्हे. तो नानकटाईनें पुसला, असें आमचें निरीक्षण आहे. घरून रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरींत न्यावयाचें, आपल्या देखत मळून घ्यावयाचें, पत्र्यांवर थापून भट्टींत सारावयाचें, आणि गरम नानकटाई डबे भरून घरीं आणावयाची, ही चाल आम्हीं लहानपणापासून पाहिली. भट्टीवाला बहुधा मुसलमान. पत्र्यामागें पत्रा लागे. ब्राह्मणाचा, वाण्याचा, ख्रिस्त्याचा, सर्वांचा एकाच आंचेवर. आमच्याच आईचा डबा त्या रांगेंत असे. तूप आपलें, पीठ आपलें, म्हणून तो पदार्थ आपला, असा तिचा न्याय होता. त्याच न्यायानें शेजारणीचा केक गाईपुढें गेला.

आज कोणी जात विचारीत नाहीं. आज विचारतात, 'अंडें आहे का?' प्रश्न निरुपद्रवी दिसतो, व पुष्कळदां तो प्रामाणिकही असतो. अन्नाची निवड ज्याची त्यानें करावी. परंतु तेंच तोंड हॉटेलांतला केक वाढदिवसास विनातक्रार खातें आणि शेजारच्या ताटापुढें अंड्याची चौकशी करतें, तेव्हां जुनाच पाहुणा नवा सदरा घालून आला आहे, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. आमच्या शेजारीण बाईंनीं हें ओळखलेलें आहे. त्या दोन घाणे भाजतात; घरासाठीं अंड्यांचा, व गल्लीसाठीं दह्याचा. दह्याची ब्राउनी कोरडी पडूं नये म्हणून ती चार-पांच मिनिटें आधीं काढावी लागते, पूर्ण निवाल्यावर ओल्या सुरीनें कापावी लागते, व मगच तिच्यावर घरटें बसतें, नाहींतर खवा पाझरतो. हें सारें त्यांनीं आम्हांस समजावून सांगितलें. ज्या सणाची खूणच अंडें, तो सण त्या गल्लीपुरता अंड्यावांचून करतात, आणि अंड्याच्या जागीं खव्याचें अंडें ठेवितात. दीडशें-पावणेदोनशें वर्षांत कोण किती पावलें चाललें, ह्याचा हिशेब ह्या ताटांत मांडलेला होता.

ताट रिकामें परत पाठवूं नये, ही रीत दोन्ही घरीं आहे. चैत्र असल्यामुळें घरीं कैरीची डाळ झाली होती. ती घेऊन ह्या वेळीं आम्ही स्वतः गेलों. "बाई, पुढच्या वर्षीं आमच्यासाठीं निराळा घाणा करूं नका. तुमच्या घरचें जें असेल तेंच पाठवा," असें आम्हीं म्हटलें.

बाई हंसल्या. "सर, आईंनीं खाल्लें का?"

आमची आई आतां ऐंशींच्या पुढें आहे. खोटें सांगण्याचें वय आमचें राहिलें नव्हतें. तिनें वरचीं तीन अंडीं खाल्लीं, खवा कोणाकडचा आहे म्हणून विचारलें, आणि खालची वडी तशीच ठेवली, हें आम्हीं सांगितलें. वडी ह्या वेळीं गाईपुढें गेली नाहीं, आम्हींच खाल्ली, हेंही सांगितलें.

"मग त्यांच्यासाठीं अंडीं जास्त ठेवीन," असें म्हणून बाईंनीं डाळीचा वाडगा आंत नेला.