परम ८००० : परक्या यंत्रावर घडलेली प्रणाली

परम ८००० ची कथा बहुधा अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यापासून सुरू होते आणि १९९१ मध्ये पुण्यात भारतीय महासंगणक उभा राहिल्यावर संपते. मधल्या एका चिवट अडचणीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकला विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत हे यंत्र उभारायचे होते. ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीची ट्रान्सप्युटर ही चिप बाजारात मिळत होती. प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी जोडणारे चार दुवे होते. त्यांच्या आधारे ६४ नोडचे जाळे विणता आले. परंतु या नोडला ना डिस्क, ना पडदा, ना कळफलक. त्यावर कंपायलर चालवणार कसा? म्हणून ट्रान्सप्युटरसाठीची आज्ञावली सन, व्हॅक्स किंवा साध्या पीसीसारख्या यजमान संगणकावर लिहीत, तेथेच तिचे ट्रान्सप्युटरच्या यंत्रभाषेत रूपांतर करीत आणि दुव्यावरून पाठवीत. हेच क्रॉस-कंपायलेशन.

नोड जागा होण्याची रीतही विलक्षण होती. रीसेट झालेला ट्रान्सप्युटर दुव्यावरून येणाऱ्या पहिल्या बाइटची वाट पाही. तो १ पेक्षा मोठा असेल, तर तेवढे बाइट स्मृतीत भरून घेऊन चिप तीच आज्ञावली चालवू लागे. मग हा नोड शेजाऱ्याला जागवी.

प्रक्रियांना पाळीपाळीने वेळ देणारा शेड्युलर चिपच्या मायक्रोकोडमध्येच होता. स्मृतीसंरक्षण मात्र नव्हते. साहजिकच युनिक्सचा कर्नल उचलून बसवणे शक्य नव्हते. सी-डॅकने ‘पारस’ हे स्वतःचे प्रणाली-वातावरण घडवले.

अशा कामात खरा घात होतो तो न दिसणाऱ्या चुकांनी. सनचा स्पार्क प्रोसेसर संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतो, ट्रान्सप्युटर लहान बाइट आधी. यजमानावर तयार केलेल्या कोष्टकातला चार बाइटांचा १ तसाच पलीकडे गेला, तर तिकडे तो १,६७,७७,२१६ म्हणून वाचला जातो. कंपायलर हूं की चूं करीत नाही. चूक शोधावी, तर दूरच्या नोडचा निरोप मधल्या नोडमधूनच यायचा. मधला ठप्प झाला की निरोपही बुडाला. अशा वेळी ट्रान्सप्युटरची एक सोय उपयोगी पडे: चिप थांबवायची, पहिला बाइट १ पाठवायचा आणि तिच्या स्मृतीतला मजकूर दुव्यावरून वाचायचा. शवविच्छेदनच ते.

परम ८६०० मध्ये इंटेलची आय-८६० चिप ट्रान्सप्युटरच्या जोडीला आली. साहजिकच एकाच यंत्रासाठी दोन यंत्रभाषा सांभाळणे आले. १९९४ च्या परम ९००० मध्ये सुपरस्पार्क प्रोसेसर आले आणि सनच्या यजमानाशी असलेले बाइटक्रमाचे भांडण मिटले. १९९८ च्या परम १०००० चे नोड तर सनचे सर्व्हरच होते. त्यांवर सोलारिस चाले आणि स्वतःची आज्ञावली ते स्वतःच कंपाइल करू शकत.