मॉन्टेसरी साधने आणि अंगणवाडीचा उगम

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये आम्ही राहतो, तिथे डिसेंबरच्या गार सकाळी दोन वर्षांचे मूल घरात कसे रमवायचे, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे ऑनलाइन मागवलेला ‘मॉन्टेसरी’ खेळण्यांचा महागडा संच. तुम्हीही असा संच एखाद्या भाच्याकडे पाहिला असेल. पण मारिया मॉन्टेसरींचे पहिले बालगृह 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले होते, हे लक्षात ठेवा.

भारतात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तयार साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. (अभियांत्रिकीच्या भाषेत, कार्य तेच ठेवून साहित्य बदलले.) आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना हेच नाव मिळाले.

फ्लॅटला अंगण नसते, पण स्वयंपाकघर असते. झाकणांचे डबे, लहानमोठ्या वाट्या, निवडायला मेथीची जुडी एवढ्यावर मुलाचा तासभर सहज जातो. बिया मात्र या वयात घट्ट झाकणाच्या बाटलीतच द्या. वाजवायला तेवढ्या पुरतात.