दाहनिदर्शकांची वाटचाल : अत्यवस्थ रुग्णाविषयीचे पूर्वानुमान आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :

रोगी वाचेल की नाही, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. विसाव्या शतकात त्याचे उत्तर नाडी व श्वास यांबरोबरच रक्तातही शोधले जाऊ लागले. दाह झाला असता रक्तात ज्यांचे प्रमाण बदलते, त्या घटकांना दाहनिदर्शक म्हणतात. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याचा चढउतार अधिक बोलका असतो, हे या निदर्शकांच्या इतिहासावरून कसे दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यूमोनियातील शोध :

पोलंडमधील एडमंड बिएर्नाट्स्की यांनी १८९७ मध्ये तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाकडे लक्ष वेधले होते. पुढे ईएसआर म्हणून रूढ झालेली ही चाचणी उपयुक्त ठरली. परंतु तिचा आकडा सावकाश बदलत असल्याने अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत ती अपुरी होती.

१९३० मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांना असे आढळले की, न्यूमोनिया ऐन भरात असलेल्या रुग्णाचा रक्तद्रव न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' या अंशात मिसळला असता साका तयार होतो. रोग उतरल्यावर मात्र ही क्रिया नाहीशी होते. म्हणजेच, मूळ निरीक्षणच रोगाच्या कालक्रमाविषयीचे होते. हा पदार्थ प्रथिन असल्याचे ओस्वाल्ड एव्हरी यांच्या गटाने १९४१ मध्ये दाखविले व तो 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' अर्थात सीआरपी या नावाने ओळखला जाऊ लागला. हे प्रथिन अन्य जंतुसंसर्गांत व संधिवाताच्या ज्वरातही आढळल्याने ते विशिष्ट रोगाचे चिन्ह नसून शरीराच्या प्रतिसादाची साक्ष आहे, हे स्पष्ट झाले.

अतिदक्षता विभागातील कसोटी :

१९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी गंभीर जंतुसंसर्गात प्रोकॅल्सिटोनिनचे प्रमाण वाढत असल्याचे प्रसिद्ध केले आणि मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. त्यांची कसोटी पुढील दोन चाचण्यांत लागली. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आकडा चढताच उपचार वाढविले गेले. तथापि जीवितहानी घटली नाही, उलट अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबला. नेदरलँड्समधील २०१६ च्या चाचणीत मात्र प्रोकॅल्सिटोनिन सर्वोच्च पातळीपासून ८० टक्के उतरल्यावर, अथवा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर वा त्याहून खाली आल्यावर, प्रतिजैविके थांबविण्याचा सल्ला दिला गेला. तेथे औषधांचे दिवस घटले आणि २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण तुलनागटातील २५ टक्क्यांच्या जागी २० टक्के आढळले.

२०१६ मध्येच सेप्सिसची आंतरराष्ट्रीय व्याख्या बदलली. तीत आधार घेतला गेला तो सहा अवयवसंस्थांच्या कार्यावर गुण देणाऱ्या 'सोफा' पद्धतीचा. तीत सीआरपी अथवा प्रोकॅल्सिटोनिन यांना स्थान नव्हते. दाह किती आहे यापेक्षा अवयव किती निकामी झाले, हे महत्त्वाचे मानले गेले.

कोविडच्या साथीत २०२०-२१ मध्ये सीआरपी हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. त्याच काळात ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत प्राणवायू कमी पडणाऱ्या व सीआरपी लिटरमागे किमान ७५ मिलिग्रॅम असणाऱ्या रुग्णांना टोसिलिझुमॅब देण्यात आले. मृत्यूंचे प्रमाण ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. येथे आकड्याने मृत्यूचे भाकीत केले नाही. औषधाचा लाभ होऊ शकेल असे रुग्ण निवडण्यास साहाय्य केले.

समारोप :

अशा टक्केवाऱ्या समूहाविषयी असतात. खाटेवरील रुग्ण मात्र एकटा असतो. चढलेला सीआरपी शस्त्रक्रियेचा, भाजल्याचा अथवा बरा होऊ शकणाऱ्या संसर्गाचाही परिणाम असू शकतो. म्हणून केवळ एका अहवालावरून नातेवाइकांना आशा सोडण्यास सांगणे, अथवा उपचार आवरते घेणे, या इतिहासाला धरून होणार नाही. पुन्हा केलेली तपासणी, अवयवांची स्थिती व चिकित्सकाचे निरीक्षण यांच्या जोडीनेच दाहनिदर्शकाला अर्थ प्राप्त होतो.