हात दाखवून अवलक्षण

जो हाताने नोटा मोजे, तो हातमोजे, अशी आम्हा बँकवाल्यांची व्याख्या. संरक्षण म्हणून आम्हाला एक ओला स्पंज. त्यामुळे आमची पुतणी प्रयोगशाळेत एकावर एक दोन हातमोजे घालते आणि काम झालं की फेकून देते, हे ऐकून माझ्यातला बी. कॉम. कळवळला.

"अगं, एक पुरे की! खर्च निम्मा."

"काका, आधी इतिहास ऐका."

बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 साली उघडलं. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड, त्यांच्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन. तेव्हा जंतू मारायला हात मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवत. जंतूंबरोबर बाईंच्या कातडीचेही हाल होऊ लागले. 1889-90 च्या हिवाळ्यात डॉक्टरांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या करवून घेतल्या. (आमच्याकडे असा अर्ज गेला असता, तर बाई रिटायर झाल्यावर एक जोडी मंजूर होऊन आली असती, दोन्ही डाव्या हाताचे.) 1890 च्या जूनमध्ये दोघांचं लग्न झालं. आधी हातमोजे, मग पाणिग्रहण!

गंमत म्हणजे, हातमोजे केले बाईंसाठी. रोगीही त्यांनी वाचतो, हे मागाहून ध्यानात आलं. सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी 1899 साली हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा जखमा चिघळण्याचं प्रमाण खूपच घटलेलं दिसलं. एकदा वापरून फेकायचे हातमोजे रुळले ते पार 1960 नंतर.

"तरी एक पुरे," मी हेका सोडला नाही.

तिचा आवाज उतरला. 1996 साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान या प्राध्यापिकेच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे थेंब पडले. ते आरपार गेले. पुढच्या जूनमध्ये बाई वारल्या. ज्या पाऱ्यापायी हातमोजा जन्मला, त्याच पाऱ्याच्या दुसऱ्या रूपापुढे तो हरला. मग त्या द्रव्यासाठी आत लॅमिनेटचा आणि वर जाड, असे दोन हातमोजे घाला, असं सांगण्यात आलं.

माझा हिशेब तिथेच मिटला.

रात्री भांडी घासून खरखरीत झालेले हिचे हात मी प्रथमच नीट पाहिले. दुसऱ्या दिवशी हॉल्स्टेडच्या रुबाबात रबरी हातमोजे आणून दिले. हिने घालून पाहिले, ढगळ झाले.

"अहो, हे तुमच्याच मापाचे दिसतात," ही म्हणाली आणि मोरीकडे बोट दाखवलं.