भाकरीचा माग सातबाऱ्यापर्यंत काढा

शाळेत मुलांना शिकवले जाते की अन्न शेतातून येते आणि शेतकरी आपला अन्नदाता आहे. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. शेत कुणाच्या नावावर होते? राबत कोण होते? खळ्यावर कुणाला किती मिळाले? उरलेसुरले कुणाच्या पदरात पडले? हे प्रश्न पुस्तकात येत नाहीत. आमचे म्हणणे असे की, ज्या विद्यार्थ्याने आपल्या ताटातल्या घासाचा माग शेवटपर्यंत काढला, त्याला जातिव्यवस्थेचे अर्थकारण समजल्याशिवाय राहत नाही.

सुरुवात सर्वांत 'पवित्र' ताटापासून करू. एकादशीला घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. त्यात बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो टॅपिओका, बटाटा, भुईमूग आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि नंतरच्या युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत ती 16 व्या शतकापासून पुढे हळूहळू इथे आली. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात यातले एकही पीक महाराष्ट्रात नव्हते. मग ही खिचडी पवित्र कधी झाली आणि कुणी ठरवली? आपली ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. अन्नाला मुळात जात नसते, देश नसतो. ती माणसे चिकटवतात. समुद्रापारच्या पिकाला थेट देवघरापर्यंत वाट मिळाली, पण त्याच गावात मळणी करणाऱ्या अस्पृश्याला उंबरा ओलांडता येत नव्हता.

आता दुसरे ताट पाहू. बलुतेदारीत महाराला गावकीची कामे होती. वेशीची राखण करायची, सरकारी सारा ठाण्यावर पोचवायचा, मयताची वर्दी परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे. मोबदला काय? सुगीत खळ्यावरचे बलुते, तुटपुंजी वतनी जमीन, आणि येसकराची पाळी असेल तेव्हा दारोदार फिरून मागितलेली शिळी भाकरी. मेलेल्या जनावराचे मांस उन्हात वाळवून त्याच्या चान्या साठवायच्या, कारण पावसाळ्यात घरात दाणा नसे. या व्यवस्थेने मजुरीला भिकेचे रूप दिले. काम वर्षभराचे आणि दिवसरात्रीचे, पण दाम मात्र 'हक्क' म्हणून नाही तर 'दया' म्हणून पदरात पडायचा. आणि वर त्याच अन्नावरून माणसाला अपवित्र ठरवायचे! आधी उपाशी ठेवायचे, मग तो काय खातो म्हणून हिणवायचे, अशी ही दुहेरी चाल होती.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. नावातच सवाल आहे. ज्यांच्या चुलीची दखल कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकाने घेतली नाही, त्यांच्यासाठी अन्न 'पूर्णब्रह्म' कसे?

काही मित्र विचारतात, "बाबासाहेबांनी ते सगळे सोडायला लावले, मग आता कशाला उकरायचे?" मित्रहो, सोडणे वेगळे आणि विसरणे वेगळे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. पण तेच बाबासाहेब 1948 साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गोमांसाचा इतिहास तपासायला बसले. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षात आणि त्यातून बदललेल्या आहाराच्या नियमांत आहे, असे त्यांनी मांडले. अन्नाकडे त्यांनी लाज म्हणून पाहिले नाही, पुरावा म्हणून पाहिले. आपणही तसेच पाहायला हवे.

आणि ते आवाहनावर थांबले नाहीत. तुकडा सोडायचा तर पोट भरायची दुसरी सोय हवी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1918 मध्येच त्यांनी भारतातल्या लहान धारण क्षेत्रांच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. 1928 मध्ये महार वतनाच्या गुलामीविरुद्ध मुंबई विधिमंडळात बिल मांडले. 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे बिल आणले. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि गावाने ती सामुदायिकपणे कसावी, अशी मागणी केली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1964 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. महाड ते हा सत्याग्रह ही एकच रेघ आहे. उष्टे नाकारणाऱ्या समाजाने पुढे जमीन मागितली.

ती मिळाली का? 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशाच्या लोकसंख्येत 16.6 टक्के होत्या. 2015-16 च्या कृषी गणनेत वहितीखालच्या क्षेत्रातला त्यांचा वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी होता. तोही मुख्यतः लहान तुकड्यांचा. ऊस तोडणारा, कापूस वेचणारी, कांदा भरणारी माणसे कोण आहेत हे आपण रोज पाहतो. 'अन्नदाता' या शब्दात त्यांचे नाव येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, या सुट्टीत गावी गेलात की एका भाकरीचा माग काढा. आजीला विचारा, तुमच्या लहानपणी सुगीत काय मिळायचे, दुष्काळात काय खायचात, कुणाच्या दारात उभे राहायचात. ती गप्प बसली तर घाई करू नका. मग तलाठ्याकडून जुना सातबारा आणि फेरफार काढा. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने खालसा झाली, जमिनी फेरप्रदान झाल्या. तुमच्या घराण्याची वतनी जमीन आज कुणाच्या नावावर आहे, ती विकली गेली तर कुणाला आणि कोणत्या परवानगीने, हे वाचा. आजीची साक्ष आणि सातबाऱ्याचा कागद एकत्र ठेवा. जे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, तो इतिहास तिथे सापडेल.

'कोण काय खातो' हे विचारून या देशात माणसे मारली जात आहेत. आपण 'कोण पिकवतो आणि मालक कोण' हे विचारायला शिकू.

जय भीम!