रुपये पन्नास हजार फक्त

माझा भाचा अमेरिकेत असतो. दर दोन वर्षांनी तो येतो, आणि येताना मामासाठी बदाम, मामीसाठी अत्तर आणि स्वतःसाठी एखादे नवे वेड घेऊन येतो. मागल्या खेपेला कॉफीचे वेड होते. या खेपेला चाकूचे निघाले.

रात्री जेवणे झाल्यावर त्याने बॅगेतून एक कातडी पिशवी काढली, तिच्यातून मिटलेला खिशातला चाकू काढला आणि बारशाचे बाळ दाखवावे तसा दोन्ही तळव्यांवर धरून माझ्यापुढे केला.

"मामा, हा पूर्ण हातानं बनवलेला आहे."

"आमच्याकडे पोळ्यासुद्धा हातानंच बनवतात," आतून सौ. म्हणाली.

"कितीला पडला?" मी विचारले. बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून वेगळा प्रश्न सुचत नाही.

"सहाशे डॉलर."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. उत्तर पन्नास हजारांच्या वर गेले. चेकवर लिहायचे तर 'रुपये पन्नास हजार फक्त'. त्या 'फक्त' या शब्दातला विनोद मला इतक्या वर्षांत प्रथमच कळला.

तेवढ्यात सौ. बाहेर आली, चाकू उघडून तिने पाते दिव्याकडे धरले आणि म्हणाली, "यानं लिंबू चिरून बघू का रे?"

"मामी, लिंबू नको!" भाचा किंचाळला. "पात्यावर डाग पडेल!"

"अगं बाई! पन्नास हजारांचा चाकू आणि लिंबाला भितो?" एवढा निकाल देऊन ती आपल्या विळीकडे परत गेली.

मला मात्र झोप येईना. रात्री कपाटातून मी आजोबांचा चाकू काढला. हाडाची मूठ, दोन पाती, आणि मोठ्या पात्यावर झिजलेला ठसा : शेफील्ड. आजोबा एका पेढीवर कारकून होते आणि या चाकूने ते बोरूला कत मारीत. इंग्रज असल्या चाकूला पेन-नाइफ म्हणतात, तेही त्यांच्याकडे पिसाच्या लेखण्या तासायला तो लागे म्हणून. म्हणजे कारकुनाचे शस्त्र दोन्ही मुलखांत एकच! त्या ठशाचा माग काढण्यात माझे पुढचे तीन रविवार गेले.

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडातले गाव. दगडी चाके फिरवायला पाच नद्यांचे पाणी आणि चाकांसाठी जवळपासच्या टेकड्यांतला खरखरीत दगड, अशी देवाने सोय केलेली. चौदाव्या शतकातला कवी चॉसर, त्याच्या एका गोष्टीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या मोज्यात खोचलेला चाकूदेखील शेफील्डचाच आहे. १६२४ साली तिथल्या चाकूवाल्यांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळवाल्याने मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी आणि जास्त कडक करण्याची युक्ती काढली. गावातल्या चाकूवाल्यांनी ते घ्यायचे नाकारले. कारण काय, तर फार कडक आहे, घडवायला त्रास होतो! हंट्समनने ते फ्रेंचांना विकले. मग त्याच पोलादाचे फ्रेंच चाकू विलायतेत येऊन खपू लागले, तेव्हा गावकऱ्यांचे डोळे उघडले. 'आमच्याकडे ही पद्धत नाही' हे वाक्य फक्त आमच्याच बँकेत ऐकू येते असा माझा समज होता, तो गेला.

हौसेचे चाकू तेव्हाही निघत. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या प्रसिद्ध कंपनीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा चाकू केला होता. तो ठेवायला कसला खिसा लागला असता, कोण जाणे! पण आजोबांच्या खिशात आला तसला साधा चाकू स्वस्त असे. आणि इथेच मी अडलो. तोही हातानेच केलेला. भट्टीपुढचा घडवणारा वेगळा, दगडावर घासणारा वेगळा, मूठ बसवून जोडणारा वेगळा. पण शेवटी हातच. मग हाताचा चाकू तेव्हा स्वस्त आणि आता महाग, हे कसे?

याचे उत्तर एका खोकल्यात मिळाले. दगडी चाकापुढे वाकून पाते घासणाऱ्या माणसाच्या छातीत दगडाची आणि लोखंडाची धूळ जाई. त्या दुखण्याला तिथे 'घासणाऱ्यांचा दमा' असेच नाव पडले होते. पुढे मार्क्सचे जोडीदार म्हणून प्रसिद्ध झालेले एंगल्स, त्यांनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात हिशेब दिला आहे. कोरड्या दगडावर घासणाऱ्याचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस. ओल्या दगडावरचा पंचेचाळिशी क्वचितच ओलांडी. काटे घासणारे तर अठ्ठावीस ते बत्तीसच्या दरम्यानच जात, असे शेफील्डचे डॉक्टर नाइट सांगतात. आणि याहून अंगावर येणारी गोष्ट पुढे आहे. धूळ ओढून घेण्याची साधने तेव्हा निघालेली होती. पण घासणाऱ्यांपैकीच काहींनी ती नको म्हटली. का? तर माणसे जास्त जगली, तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल!

मागणी-पुरवठ्याचा नियम आम्हाला बी. कॉम.ला फळ्यावर दोन रेषा काढून शिकवला होता. एक वर जाते, एक खाली येते, मध्ये किंमत ठरते. त्यातल्या एका रेषेवर माणसे खोकत बसलेली असतात, हे काही सरांनी सांगितले नाही. परीक्षेलाही ते आले नाही.

आजोबांचा चाकू मी पुन्हा हातात घेतला. ठसा गावाचा आहे. ज्याने तो घासला त्याचे नाव कुठेही नाही.

आता उलट टोक पाहा. याच शेफील्डात स्टॅन शॉ नावाचे कारागीर होऊन गेले. १९२६ चा जन्म. चौदाव्या वर्षी चाकूच्या कारखान्यात कामाला लागले आणि खिशातला चाकू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने करायला शिकले. एव्हाना यंत्रांनी चाकू इतके स्वस्त आणि चांगले केले होते की हाताने चाकू करणारे गावात बोटांवर मोजण्याइतके उरले. शॉ उरले. गिऱ्हाइके त्यांच्या चाकूसाठी वर्षानुवर्षे थांबत. २०१७ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. २०२१ साली ते वारले ते नव्वदी ओलांडून.

पस्तीस आणि नव्वद. मला वाटते, किमतीतला सगळा फरक या दोन आकड्यांत आहे.

तरीही वाणिज्य पदवीधर तो वाणिज्य पदवीधरच. मी भाच्याला समोर बसवून त्याच्या चाकूचे कॉस्ट शीट मांडले.

"याला वेळ किती लागतो?"

त्याने चाकू उघडून दाखवला. उघडा असो, अर्धा उघडा असो की मिटलेला, पाठीची स्प्रिंग तिन्ही वेळा मुठीच्या कडेशी सपाट राहिली पाहिजे. बोट फिरवले तर पायरी लागता कामा नये. त्यासाठी कारागीर पाते बसवतो, काढतो, केसभर घासतो, पुन्हा बसवतो. मिटताना 'खट्' असा आवाज यायला हवा, तोही नेमका. हे सारे करून तीस तास तरी सहज जातात म्हणाला.

मी सहाशेतून पोलाद, मूठ, वीज आणि घासायचे पट्टे यांचे शंभर-सव्वाशे वजा केले आणि उरलेल्याला तिसांनी भागले. तासाला सोळा डॉलर! "अमेरिकेत नळ दुरुस्त करणारा याच्या कितीतरी पट घेतो," भाचा म्हणाला. मी चष्मा काढून पुसला. महाग कोण आणि स्वस्त कोण, याचा मला जरा घोटाळा होऊ लागला.

तरी डोळे मिटून सही करणाऱ्यांतला मी नाही. कापण्यापुरते म्हणाल, तर बाजारातला यंत्राचा चाकू याच्या दहाव्या हिश्शात तितकेच कापील, आणि वर लिंबालाही भिणार नाही. शिवाय काही चाकूंच्या किमती हजारोंच्या घरात जातात, त्या मजुरीच्या नव्हेत. तिथे नाव विकले जाते, आणि कारागीर वारला की शेअरसारखा भाव चढतो. ती हौस. तिला माझ्या खातेवहीत कॉलम नाही. पण भाच्याच्या सहाशे डॉलरांतला मोठा वाटा एका जिवंत माणसाच्या मजुरीचा होता. "त्याला मी ओळखतो मामा. पत्र पाठवतो तो मला," भाचा म्हणाला. आजोबांना तसे म्हणता आले नसते. त्यांचा चाकू स्वस्त नव्हता. त्याचे अर्धे बिल दुसऱ्याच कुणीतरी भरले होते.

परवाच्या रविवारी गल्लीत "धाऽऽर" अशी हाळी आली. सौ.ने विळी माझ्या हातात दिली आणि नेहमीची सूचना दिली, "चाळीस सांगेल, पंचविसात पटवा." धारवाल्याने सायकल उभी केली, पायडल मारून दगड फिरवायला सुरुवात केली आणि तोंडासमोर ठिणग्यांचा फवारा उडू लागला. तोंडाला साधा रुमालही नव्हता. मध्येच तो खोकला.

विळी घेतली. मी पन्नास दिले आणि म्हणालो, "राहू दे. आणि जरा तोंडाला रुमाल बांधत जा."

तो नोट उलटसुलट करून पाहत राहिला. बहुधा खोटी आहे की काय, या शंकेने. वर आलो तर सौ.ने कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही मला," मी म्हणालो.

"मग पन्नास कसे दिलेत?"

"पन्नास फक्त," मी म्हणालो.